किट कारची पेट्रोल टाकी वेल्डिंग करूनही परत परत गळतेय? आधी बघा ती गळते कधी

टाकी उतरवायची, अर्गन वेल्डिंगवाल्याकडे न्यायची, तो जिथे ओलं दिसतं तिथे टाका मारून देतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग परत सीटमागून पेट्रोलचा वास. किट कार, म्हणजे सुटे भाग जमवून स्वतः बांधलेली गाडी, कुठलीही घ्या, लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर चौकोनी पाइपची फ्रेम बांधून केलेल्या गाड्या असोत की जिप्सीच्या इंजिनवर उभ्या केलेल्या बग्या, तक्रार सगळीकडे हीच असते आणि उपायही सगळे एकच करतात, परत वेल्डिंग. माझं मत सरळ आहे. टाकी एकदा नीट झाळली आणि तरी परत गळली तर दोष बहुतेक वेळा झाळण्यात नसतो, टाकी गाडीत धरलीय कशी आणि तिला हवा आत-बाहेर करायला वाट आहे की नाही, या दोन गोष्टींत असतो. त्या दोन सुधारल्या नाहीत तर कितीही हाताचा पक्का वेल्डर आणा, चीर तिथेच किंवा बोटभर शेजारी परत पडणार.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि हे खरंच मनापासून सांगतोय. वास येत असलेली गाडी बेसमेंट पार्किंगमध्ये एक रात्रही ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत सगळ्यात खोल जागी जाऊन बसते, आणि आपल्या मुंबईच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात खोल जागा म्हणजे बेसमेंटमधला पाणी उपसायचा खड्डा, जिथे पंप आणि त्याचा स्विच असतो. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशालाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे आपल्या हवेत ‘थोडंसंच तर गळतंय’ असं काही नसतंच. गाडी उघड्यावर ढकलत न्या, बॅटरीची वायर काढा, पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढून घ्या, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये नको, आणि पावडरचा एबीसी एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, डिकीत नाही.

आता मुद्द्यावर. गाडी उघड्यावरच ठेवून, बघण्यापुरतं पेट्रोल परत घालून, पहिले काही दिवस टाकी खोलू नका, फक्त बघा की वास किंवा ओल नक्की कधी येते. टाकी फुल केल्यावरच येते का, गाडी उन्हात उभी असताना येते का, खड्ड्यांतून चालवून आणल्यावर येते का, की टाकी अर्धी असतानाही कायम येते. या चार प्रश्नांच्या उत्तरात निम्मं निदान होतं.

जागा शोधायची पद्धत सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. गाडी थंड असताना टाकी बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि सगळ्या जोडांवर, फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाच्या) प्लेटभोवती, पट्ट्यांच्या कडेने साधी टाल्कम पावडर मऊ ब्रशने पातळ मारा. बारीक गळतीत पेट्रोल थेंब व्हायच्या आधीच उडून जातं, मे महिन्यात तर नक्कीच, त्यामुळे डोळ्याला काहीच दिसत नाही, पण पावडरीत ते शोषलं जातं आणि एक करडी ओलसर रेघ उमटते. त्या रेघेचं वरचं टोक बघायचं, खालचं नाही. पेट्रोल जोडाच्या कडेने, पट्ट्याच्या खालून, पत्र्याला चिकटून वीतभर सहज सरकतं आणि मग सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून टपकतं, आणि आपण त्या बिचाऱ्या कोपऱ्यालाच टाका मारत बसतो. मी बघितलेल्या एका टाकीचा खालचा डावा कोपरा वेल्डिंगच्या थरांनी नुसता फुगला होता, आणि रेघ सुरू होत होती पार वर, फ्लोटच्या पाच स्क्रूंपैकी एकाच्या आट्यांमधून.

फुल केल्यावरच गळत असेल तर टाकीचा तळ तपासायची गरजच नाही, वरच्या भागातल्या तीन गोष्टी बघा: तोंडाचा जाड होज, फ्लोटची प्लेट, आणि ब्रीदरचा, म्हणजे टाकीत हवा आत-बाहेर जाण्याचा, पाइप. जाड होजचं सांगायचं तर गंमत अशी की मार्केटमध्ये त्या मापाचा पेट्रोलचा होज पटकन मिळत नाही म्हणून बरेच जण रेडिएटरचा होज लावून मोकळे होतात. रेडिएटरचे होज बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात, ते गरम पाण्याला उत्तम, पेट्रोलला अजिबात नाही, पेट्रोल लागलं की फुगतात आणि मऊ पडतात आणि क्लिप कितीही आवळली तरी खालून पाझरतं. हा होज फक्त भरताना आणि टाकी फुल असताना वळणावर भिजतो म्हणून ही गळती येते-जाते आणि माणूस चक्रावतो. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात फिरलात तर पेट्रोलचा फिलर होज मागून घ्या, होजवर काय छापलंय ते वाचा, काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका. आणि ज्या नळीवर तो चढतो तिच्या टोकाला गोल उंचवटा हवा, गुळगुळीत नळीवर क्लिप सरकतेच.

फ्लोटची प्लेट बहुतेक पाच स्क्रूंची येते, पाचवं भोक मुद्दाम थोडं सरकवलेलं असतं म्हणजे ती एकाच दिशेने बसते, तर ती न बसणारी प्लेट भोक वाढवून बसवलेली असेल तर तिथेच कारण सापडलं. दुसरं, स्क्रूची भोकं आरपार टाकीत उघडत असतील तर पॅकिंग कितीही चांगलं असो, पेट्रोल स्क्रूच्या आट्यांमधून वर येणार. साधे रिव्हनट, म्हणजे पत्र्यात रिव्हेटसारखे बसवायचे आट्यांचे नट, मारले असतील तर तेच होतं. खरा उपाय म्हणजे आठ-दहा मिलीमीटर जाडीची रिंग झाळून तिच्यात आरपार न जाणारी भोकं पाडून आटे काढणं. ते आत्ता शक्य नसेल तर प्रत्येक स्क्रूखाली रबर चिकटवलेला सीलिंग वॉशर तरी टाका.

पॅकिंगचं आणि चिकटवायच्या मालाचं थोडं जास्त सांगावं लागेल कारण पेट्रोलच बदललंय. 2023 च्या फेब्रुवारीत आपल्याकडे ई20 सुरू झालं आणि आता पंपावर सहसा तेच मिळतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. जुन्या गॅरेजमध्ये पॅकिंगला शेलॅक लावायची पिढ्यान्पिढ्याची सवय आहे, आणि शेलॅक पेट्रोलमध्ये विरघळत नाही हे खरंच होतं, पण ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, फर्निचरचं पॉलिश करणारे स्पिरिटमध्ये तेच तर विरघळवतात. त्यामुळे जो मिस्त्री सांगतो की वीस वर्षं मी हेच लावतोय तो खोटं बोलत नाहीये, पण आता ते टिकणार नाही. कॉर्कचं पॅकिंग नको, साधं सिलिकॉन तर अजिबात नको, ते पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. टेफ्लॉन टेपचंही तेच, आट्यावरून सुटलेला धागा शेवटी फिल्टरमध्ये नाहीतर इंजेक्टरमध्ये. नायट्राइल रबर चालतं, व्हायटॉन त्याहून चांगलं, महाग आहे पण एका टाकीला लागतं किती, एक तुकडा.

आता उन्हात उभी असताना गळणारी टाकी. हा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण इथे सगळे पॅकिंग बदलत बसतात आणि दोष असतो ब्रीदरमध्ये. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून थंड येतं आणि आपल्या गाडीत तापतं, दर अंशाला साधारण हजारात एक भाग या हिशोबाने फुगतं, म्हणजे 30 लिटरची टाकी तोंडापर्यंत भरली आणि 15 अंशांनी तापली तर 400 मिलीपेक्षा जास्त पेट्रोलला जायला जागाच नाही. त्यात वाफेचा दाब वेगळा. ब्रीदर मोकळा असेल तर वाफ बाहेर जाते, तो दबलेला, चिखलाने बुजलेला किंवा मुळात लावलेलाच नसेल तर टाकी कुकरसारखी दाब धरते आणि सगळ्यात कच्च्या जागेतून पेट्रोल बाहेर ढकलते. ती कच्ची जागा म्हणजे फ्लोटचं पॅकिंग. तुम्ही ते बदलता, मग दुसरी कच्ची जागा फुटते.

ओळखायचं कसं, तर उन्हात दोन तास उभी राहिलेल्या गाडीचं झाकण हळूच सैल करा, फुस्स करून हवा बाहेर आली की ब्रीदर बंद आहे. उलटही होतं, गाडी चालताना पंप पेट्रोल ओढतो आणि त्या जागी हवा यायला वाट नसेल तर आत पोकळी होते, टाकीचा पत्रा टण्‌ असा आवाज करून आत बसतो, झाकण उघडलं की परत बाहेर येतो. असा आत-बाहेर होणारा पत्रा बॅफलच्या (पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीत लावलेल्या आडपत्र्याच्या) वेल्डिंगपाशी लवकरच चीर देणार हे सांगायला नको. अर्ध्या तासाने इंजिन मरतं आणि झाकण उघडून बंद केलं की परत चालू होतं, ही त्याचीच खूण.

ब्रीदर टाकीच्या सगळ्यात उंच जागेवरून निघायला हवा, सहा ते आठ मिलीमीटर आतला व्यास पुरतो, त्यात गाडी उलटली तर बंद होणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह हवाच, मग पाइप तोंडाच्या झाकणापेक्षा उंच नेऊन रोल बारजवळून वळवून परत खाली आणायचा आणि गाडीच्या बाहेर सोडायचा, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, चाक पाणी उडवतं त्या जागी नाही. शेवटाला बारीक पितळी जाळी, नाहीतर पावसाळ्यात कुंभारमाशी तिथे घर करते, हे मी स्वतः काढलंय. आणि भरताना तोंडापर्यंत भरू नका, टाकीची वरची पाच ते दहा टक्के जागा रिकामी राहील असं तोंडाच्या नळीचं आतलं टोकच थोडं खाली उतरवलं तर ती आपोआप राहते.

चालवून आणल्यावर गळते, उभी असताना नाही, तर मग चीर आहे, आणि चीर आहे म्हणजे टाकी चुकीची धरलीय. किट कारमध्ये जागा कमी म्हणून लोक टाकीला कान झाळतात आणि ते कान बोल्टने थेट फ्रेमला आवळतात. चौकोनी पाइपची हलकी फ्रेम खड्ड्यात पिळली जाते, दिसत नाही पण जाते, आणि चार कोपऱ्यांनी घट्ट बांधलेली टाकी मग फ्रेमचाच भाग होऊन तो पीळ सहन करते. वर आतलं पेट्रोल. 30 लिटर म्हणजे साधारण 22 किलो, ते प्रत्येक ब्रेकला पुढे आणि प्रत्येक खड्ड्याला वर-खाली आपटतं. या टाक्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या, आणि ॲल्युमिनियम हा सगळा हलका-हलका मार मोजून ठेवतं, स्टीलला जशी एका मर्यादेखालचा मार कितीही वेळा चालतो तशी मर्यादा ॲल्युमिनियमला नाही. म्हणून चीर वेल्डिंगच्या रेघेत नसते, तिच्या अगदी कडेला, जिथे पत्रा उष्णतेने मऊ झालेला असतो तिथे असते, केसाएवढी, नखाने जाणवत नाही. तिथे परत झाळलं की मऊ भाग अजून रुंद होतो. परत-परत गळण्याचं हे खरं कारण आहे.

तर कान कापून टाका. टाकी दोन रुंद पट्ट्यांवर, खाली एका ट्रेमध्ये किंवा दोन आडव्या पाइपवर बसू द्या, पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये तीन मिलीमीटरची नायट्राइल किंवा निओप्रीन पट्टी, आणि बाजूने फ्रेमपासून निदान बोटभर अंतर. नमदा किंवा गोणपाट लावू नका, आपल्या पावसाळ्यात ते चार महिने ओलं राहतं आणि खारी हवा असतेच, त्याखाली ॲल्युमिनियमला पांढरी पावडर धरून खड्डे पडतात आणि मग पट्ट्याखालून गळायला लागतं, जिथे तुम्हाला दिसतही नाही. ट्रे केला तर त्याला पाणी जायला भोकं ठेवा. लोखंडी पट्टा उघड्या ॲल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, तेच कारण.

नवी टाकी करायचीच असेल तर ॲल्युमिनियमचा पत्रा 5052 ग्रेडचा मागा, दोन किंवा तीन मिलीमीटर, मुंबईच्या धातू बाजारात, कीका स्ट्रीटला, विचारताना ग्रेड सांगितला नाही तर जो असेल तो हातात पडतो. 6061 ताकदवान असतं हे खरं, पण झाळल्यावर शिवणीच्या बाजूचा भाग त्याची बरीचशी ताकद सोडतो, आणि ते घडी घालतानाही चिरतं. भरायची सळी 5356. शक्य तितक्या बाजू एकाच पत्र्यातून घडी घालून काढा, कोपऱ्यावर शिवण येण्यापेक्षा घडी येणं कधीही चांगलं. बॅफलला खालच्या कोपऱ्यात आणि वर भोकं हवीत, पेट्रोल आणि हवा दोन्ही जायला, आणि बॅफल बाहेरून भोकं पाडून प्लग वेल्डिंगने धरू नका, असं प्रत्येक भोक म्हणजे पुढची संभाव्य गळती. बॅफलच्या कडा दुमडून आतून टाके मारा, झाकण बंद करायच्या आधी.

फायबर ग्लासची टाकी कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तर साध्या पॉलिस्टर रेझिनची असेल तर सोडून द्या, इथेनॉल तिला मऊ करतं.

टेस्टिंग. ‘पाणी भरून बघितलं, एक थेंब गळला नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं आणि त्याला फारसा अर्थ नाही, पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिप्पट असतो, जिथून पाणी अडतं तिथून पेट्रोल आरामात जातं. हवेनेच बघायचं. पण गॅरेजचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, अजिबात नाही. 30 बाय 50 सेंटीमीटरच्या एका बाजूवर फक्त 3 पीएसआय दाबाने तीनशे किलोच्या वर जोर येतो, टाकी फुगून कायमची वाकते नाहीतर शिवण उकलते. घरी करायची सोपी पद्धत म्हणजे पारदर्शक नळी यू आकारात भिंतीला लावा, त्यात रंगीत पाणी घाला, एक टोक टाकीला जोडा, बाकी सगळी तोंडं बंद करा, आणि सायकलच्या पंपाने हलक्या हाताने हवा भरा की दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक येईल. तो दाब म्हणजे साधारण 1.4 पीएसआय, पुरेसा आहे. साबणाचं पाणी शिवणींवर लावा आणि टॉर्च तिरका धरून बघा, मोठा बुडबुडा लगेच दिसतो पण बारीक चीर पांढऱ्या फेसाची रांग काढते आणि त्याला पाचेक मिनिटं लागतात, घाई करू नका.

मग तासभर तशीच ठेवा. हे सावलीत आणि संध्याकाळनंतर करा, कारण आतली हवा एक अंश तापली तरी पाणी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास चढतं आणि थंड झाली की तेवढंच उतरतं, दुपारी टेस्ट केलीत तर चांगली टाकी गळकी वाटेल आणि गळकी टाकी चांगली. ही टेस्ट कोऱ्या टाकीवर. पेट्रोल भरून झालेल्या टाकीत हवा भरणं म्हणजे आत नेमकं पेटायला हवं तसं मिश्रण तयार करणं.

याच कारणाने वापरलेली टाकी झाळायला देताना ‘रिकामी आहे’ एवढंच सांगून देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, कारण भरलेल्या टाकीत वाफेला पुरेशी हवाच मिळत नाही. गरम पाणी आणि डिटर्जंटने परत परत धुवायची, फ्लोट आणि सगळ्या नळ्या काढून उघडी वाळवायची, आणि झाळताना आत अर्गन सोडत राहायचं. शिवणीच्या फटीत बसलेलं पेट्रोल धुऊनही मागे राहतं, आणि तेच वेल्डिंगमध्ये बारीक छिद्रंही पाडतं. जो वेल्डर हे सगळं न विचारता टॉर्च पेटवतो त्याच्याकडून टाकी परत घेऊन या, वाद घालू नका. दोनपेक्षा जास्त जागी चिरा असतील तर माझ्या मते नवी करणंच शहाणपणाचं. साबणाची वडी घासणं किंवा एपॉक्सी पुट्टी लावणं हे घरापर्यंत पोचायला ठीक आहे, इथेनॉलपुढे पुट्टीची कड सुटतेच.

लाइनबद्दल थोडक्यात. इंजेक्शनची गाडी असेल तर लाइनमध्ये तीनेक बार दाब असतो, तिथे एसएई जे30 या इंधन होजच्या मानकातला आर9 चा होज आणि गोल, कडा न कापणाऱ्या क्लिपा, कार्ब्युरेटरच्या लाइनचा आर7 तिथे चालत नाही. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला होजचा तुकडा वेगळा लागतो, आर10 छापलेला, बाहेरचा होज आत टाकला तर बाहेरून फुगून सुटतो. इंजिनकडून परत येणारं पेट्रोल गरम असतं, सायनच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलात की टाकी चांगलीच तापते, त्यामुळे रिटर्नचं टोक पेट्रोलच्या पातळीखाली ठेवा, वरून धार पडत राहिली की वाफ जास्त होते. आणि सायलेन्सर जवळ असेल तर मध्ये पत्र्याची आडोसा प्लेट, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी.

वायरिंगमध्ये दोन गोष्टी. टाकी रबरावर बसली म्हणजे ती फ्रेमपासून विजेच्या दृष्टीने सुटी झाली, म्हणून तोंडाच्या नळीपासून टाकीला आणि टाकीपासून फ्रेमला वेगळी अर्थ वायर द्या, मल्टिमीटरवर एक ओमच्या आत यायला हवं. पंपावर भरताना तयार झालेल्या स्थिर विजेला वाट हवी. दुसरं, पेट्रोलचा पंप इग्निशनच्या वायरवर थेट जोडू नका, ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) रिलेवरून घ्या आणि त्यात धक्का बसल्यावर तुटणारा इनर्शिया स्विच टाका, नाहीतर गाडी ठोकली, इंजिन बंद पडलं तरी पंप तुटलेल्या पाइपमधून पेट्रोल ओततच राहतो.

आणि रस्त्यावर आणायच्या आधी कागदपत्रांचं बघून घ्या, मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, त्यामुळे आधी आरटीओत विचारा. वरचं सगळं खाजगी जागेत किंवा ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीलाही तितकंच लागू.

बसवून झाल्यावर आधी पाचच लिटर घाला, पावडर मारा, रात्रभर उघड्यावर ठेवा. सकाळी रेघ नसेल तर अर्धी टाकी भरून खराब रस्त्यावर फिरवून आणा, पट्टे परत आवळा, रबर पहिल्या फेरीत बसतंच. मग फुल करून दुपारच्या उन्हात उभी करा आणि फ्लोटच्या प्लेटभोवती परत बघा. या तिन्हीतून कोरडी निघाली तरच सीटमागचं पॅनेल बंद करा.